दवाखान्याचे कागद आणि आपण

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मला दहा-पंधरा मिनिटे बोलायला सांगितले आहे. मी सातवी इयत्तेपर्यंत शिकलेली, घरसंसार करणारी बाई. मोठमोठ्या विषयांवर बोलण्याची माझी तयारी नाही. परंतु रोजच्या संसारातला एक विषय असा आहे की त्यावर बोलायला पदवी लागत नाही, डोळे उघडे असले की पुरते. तो म्हणजे दवाखान्यातून आपल्याला मिळणारे कागद, आणि त्या कागदांत राहिलेल्या चुका.

आपण दूधवाल्याचा हिशोब कसा ठेवतो? कोणत्या दिवशी अर्धा लिटर कमी आले, कोणत्या दिवशी खाडा झाला, सगळे दिनदर्शिकेवर मांडून ठेवतो. वाण्याच्या यादीत डाळीचे दहा रुपये जास्त लागले तर तिथल्या तिथे बोलतो. पण दवाखान्याची फाइल घरी आली की ती न उघडता कपाटात, गादीखाली नाहीतर देवघराच्या वरच्या फळीवर जाते. "ते डॉक्टरांचे काम, आपल्याला काय कळते," असे म्हणून आपण मोकळ्या होतो. भगिनींनो, दुधाच्या हिशोबात चूक झाली तर चार पैसे जातील. या कागदातली चूक जिवावर येऊ शकते.

यात डॉक्टरांना नावे ठेवण्याचा माझा हेतू मुळीच नाही. आपल्या गावातले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली सुरू झाले. त्याच्या रुग्णालयाला आपण सगळे 'घाटी' म्हणतो. तिथे जालना, बीड, परभणीपासून माणसे येतात. बाहेरची रांग नुसती पाहिली तरी लिहिणाऱ्याच्या हातावर किती भार पडत असेल ते कळते. मग तो दवाखाना सरकारी असो की खाजगी. माणूस लिहितो, माणूस टंकतो, तिथे चूक होणारच. अमेरिकेत तर रुग्णांना डॉक्टरांच्या नोंदी घरबसल्या वाचता येतात. तिथली एक पाहणी २०२० साली प्रसिद्ध झाली. नोंदी वाचलेल्या बावीस हजारांहून अधिक रुग्णांपैकी सुमारे पाचातल्या एकाने सांगितले की आपल्याला चूक आढळली. आणि त्या चूक सापडलेल्यांपैकी शंभरात बेचाळीस जणांना ती गंभीर वाटली. इतक्या पुढारलेल्या देशात ही स्थिती, तर आपल्याकडे चुका नसतील असे मानून कसे चालेल?

आता मी माझ्या घरातलीच एक हकीकत सांगते. दवाखान्याचे नाव सांगत नाही, कारण मला कुणाची बदनामी करायची नाही.

माझी पुतणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सासरच्या गावी तिची नोंदणी झाली होती. माता-बाल संरक्षण कार्डावर तिचा रक्तगट 'ओ निगेटिव्ह' असा लिहिला होता. इथे एका खाजगी दवाखान्यात मंगळवारी रात्री ती सुखरूप बाळंत झाली. बुधवारी दुपारी मी डबा घेऊन गेले, तेव्हा खाटेला लावलेला कागद वाचला. त्यावर 'ओ पॉझिटिव्ह' असे छापले होते. बाळाचा रक्तगट 'बी पॉझिटिव्ह' होता, बापासारखा. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. एकाच बाईचे दोन रक्तगट असणे शक्य नाही, इतके तर मला सातवीच्या शिक्षणावरही कळत होते.

सिस्टर म्हणाल्या, "आमच्या संगणकात पॉझिटिव्हच आहे." मी म्हटले, "बाई, तुमचा संगणक खरा असेल, हे कार्डही खरे असेल. पण दोन्ही खरे कसे असतील? डॉक्टरांना एकदा दाखवा." डॉक्टरीणबाई भल्या होत्या. त्यांनी लगेच नव्याने रक्त काढून तपासायला दिले. ते निगेटिव्ह निघाले. गुरुवारी सायंकाळच्या आत पुतणीला ते विशिष्ट इंजेक्शन मिळाले.

हे इंजेक्शन कशासाठी, हे आपण प्रत्येकीने समजून घेतले पाहिजे. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणाच्या वेळी बाळाचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळू शकते. आईचे शरीर त्याला परके समजून त्याच्याविरुद्ध द्रव्ये तयार करते. पहिल्या बाळाला बहुधा त्याचा त्रास होत नाही. पण पुढच्या वेळी पोटातले बाळ पॉझिटिव्ह असले, तर तीच द्रव्ये वारेतून त्याच्यापर्यंत जाऊन त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतात. बाळाच्या अंगात रक्त कमी होते, त्याला जबर कावीळ होते, प्रसंगी ते दगावते. हे टाळण्यासाठी 'अँटी-डी' नावाचे इंजेक्शन बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत द्यायचे असते. पुष्कळ डॉक्टर गरोदरपणात सातव्या महिन्याच्या सुमारासही एक देतात. एकदा का आईच्या रक्तात ती द्रव्ये तयार झाली, की मग या इंजेक्शनचा उपयोग नाही. जगभर हे इंजेक्शन १९६८ पासून वापरात आले. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी "पहिले जगले, पुढची राहत नाहीत" असे म्हणून एखाद्या बाईला अपशकुनी ठरवीत. त्यांतल्या कितीकींचा दोष फक्त रक्तगटाचा असेल, कोण जाणे!

हकीकत इथे संपली असे तुम्हाला वाटेल. मलाही तसेच वाटले होते. पण चौथ्या दिवशी घरी सोडताना जे डिस्चार्ज कार्ड मिळाले, त्यावर पुन्हा 'ओ पॉझिटिव्ह'च छापून आले. उपचार बरोबर झाला, पण संगणकातली नोंद कुणी बदललीच नव्हती. खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, "अहो काकू, इंजेक्शन मिळाले ना? मग काम झाले." खरी गंमत पुढेच आहे. आमच्या विहीणबाई माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "राहू द्या ना पॉझिटिव्ह. चांगलेच दिसते ते. निगेटिव्ह म्हटले की आमच्याकडे चार बाया विचारतील, सुनेत काय उणे आहे म्हणून."

भगिनींनो, विहीणबाई वाईट नाहीत. त्या सुनेवर माया करणाऱ्या आहेत. पण 'निगेटिव्ह' या शब्दाची त्यांना भीती वाटली. मी त्यांना शांतपणे सांगितले, "विहीणबाई, कुणाचे डोळे घारे असतात, कुणाचे काळे. तसाच हा रक्तगट. यात उणे काही नाही. पण हे कार्ड असेच राहिले आणि दोन वर्षांनी पोर पुन्हा गरोदर राहिली, तर हेच कार्ड नव्या डॉक्टरांच्या हाती जाईल. ते पॉझिटिव्ह वाचतील. तेव्हा आपण कुणाला दोष देणार?" त्या गप्प झाल्या. मग त्याच उठून मुलाला म्हणाल्या, "जा रे, अर्ज लिही." अर्ज लिहिला, दोन्ही रिपोर्ट जोडले, आणि दुसऱ्या दिवशी नवे कार्ड हातात आले. पुढे दुसऱ्या खेपेला सासरच्या गावी डॉक्टरांनी तेच कार्ड पाहून वेळेवर सगळे केले. आज दोन्ही पोरे अंगणात धुमाकूळ घालीत आहेत.

या हकीकतीवरून एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली. उपचार सुधारणे आणि कागद सुधारणे ही दोन वेगळी कामे आहेत. एक झाले म्हणजे दुसरे आपोआप होत नाही.

रक्तगटाचेच आणखी एक सांगते. १९५२ साली आपल्या मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवाच रक्तगट शोधून काढला. जगात त्याला 'बॉम्बे रक्तगट' असे म्हणतात. आपल्या देशात सुमारे दहा हजारांत एखाद्याचा हा असतो. गंमत अशी की साध्या तपासणीत तो 'ओ' असाच दिसतो. मग कार्डावर 'ओ' लिहिले जाते. पण या माणसाला साधे 'ओ' रक्त चालत नाही, बॉम्बे रक्तगटाचेच लागते. म्हणूनच रक्त देण्यापूर्वी रक्तपेढीत रुग्णाचे आणि दात्याचे रक्त दर वेळी जुळवून पाहतात, नुसत्या कार्डावर भरवसा ठेवीत नाहीत. जाणत्या लोकांनीच कागदावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही असा नियम केला आहे. मग आपण तरी का ठेवावा?

आता कागद हातात आला की काय पाहावे? मी माझ्या वहीत लिहून ठेवले आहे, तेच सांगते.

पहिले, नाव, वय आणि तारीख. आपल्या बायकांचे नाव म्हणजे मोठा घोळ. माहेरचे एक, सासरचे दुसरे. पहिल्या बाळंतपणाचे कागद माहेरच्या आडनावाने, शिधापत्रिका सासरच्या नावाने. सरकारी आरोग्य योजनेत किंवा विम्यात नावे जुळली नाहीत की माणूस खाटेवर आणि नातेवाईक खिडकीवर, अशी गत होते. जुन्या कागदांवर गावाचे नाव औरंगाबाद आणि २०२३ नंतरच्या कागदांवर छत्रपती संभाजीनगर असे दिसेल. ती मात्र चूक नव्हे, त्यासाठी धावाधाव करू नका.

दुसरे, कोणते औषध आपल्याला सोसत नाही, ही नोंद. पेनिसिलीनने अंगावर पित्त उठले असेल, तर ते प्रत्येक कागदावर आलेच पाहिजे. तिसरे, औषधाचे नाव आणि मात्रा. थायरॉइडची गोळी पंचवीसची आहे, पन्नासची की शंभरची, हे जुन्या चिठ्ठीशी ताडून पाहावे. चौथे, डावे की उजवे. मोतीबिंदू कोणत्या डोळ्यात, दुखणारा गुडघा कोणता, हे शस्त्रक्रियेपूर्वी स्वतः वाचावे आणि तोंडानेही सांगावे. पाचवे, आजार किती दिवसांचा. 'सहा महिने' याचे 'सहा वर्षे' झाले, की विमा कंपनी म्हणते, हा आजार पॉलिसी घेण्यापूर्वीचाच आहे. एका शब्दापायी हजारो रुपयांचा दावा अडतो. सहावे, शेवटच्या पाळीची तारीख. तीत २८० दिवस मिळवून बाळंतपणाची तारीख काढतात. तीच चुकली तर दिवस भरले की नाहीत याचाच हिशोब चुकतो.

इथे मला थोडे स्पष्ट बोलू द्या. सगळ्या चुका दवाखान्यात होत नाहीत. काही आपण घरूनच घेऊन जातो. आपल्याकडे बाईचे दुखणे डॉक्टरांना कोण सांगते? नवरा सांगतो, सासू सांगते. बाई खाली मान घालून बसते. पाळीची तारीख सासूबाई अंदाजाने सांगतात. आधी एकदा गर्भ पडला होता, हे चारचौघांत कोणी उच्चारीत नाही. मिश्री लावते हे लपवले जाते. डॉक्टर जे ऐकतात तेच लिहितात. निगेटिव्ह रक्तगटाच्या बाईचा आधी गर्भ पडलेला असेल, तर तेव्हाच तिच्या रक्तात ती द्रव्ये तयार होऊ लागलेली असू शकतात. म्हणजे ज्या गोष्टीची आपण लाज बाळगली, नेमकी तीच डॉक्टरांना कळायला हवी होती. म्हणून "मला डॉक्टरीणबाईंशी एकटीला बोलायचे आहे" एवढे वाक्य प्रत्येकीने म्हणायला शिकावे. आणि आपल्या सुनेला, लेकीला ते म्हणू द्यावे.

चूक सापडली तर काय करावे? आपल्या मंडळात आलेल्या वकीलबाईंनी हे समजावून सांगितले होते, ते मी उतरवून घेतले आहे.

आपल्या हाताने कागदावर खाडाखोड कधीही करू नये. पांढरी शाई लावू नये. तसे केले की खरा कागदही खोटा ठरतो. रुग्ण दवाखान्यात असेल तर त्याच क्षणी सिस्टरला आणि डॉक्टरांना तोंडी सांगावे, अर्जाची वाट पाहू नये. घरी आल्यावर दिसले तर साध्या मराठीत अर्ज लिहावा. रुग्णाचे नाव, नोंदणी क्रमांक, कोणत्या तारखेच्या कागदावर काय लिहिले आहे, खरे काय आहे, आणि त्याला पुरावा कोणता. अर्जाच्या दोन प्रती कराव्यात. एक द्यावी आणि दुसरीवर शिक्का, सही, तारीख घेऊन पोच म्हणून जपून ठेवावी.

दुरुस्तीचीही एक रीत असते. जुनी नोंद पुसत नाहीत. तिच्यावर एक रेघ मारून शेजारी खरी नोंद करतात, खाली सही आणि तारीख घालतात. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातही हीच रीत सांगितली आहे. मूळ नोंद तशीच ठेवून समासात दुरुस्ती करायची आणि सही-तारीख करायची. बाळाच्या दाखल्यात आईचे नाव चुकले तर त्या कायद्याप्रमाणे निबंधकाकडे अर्ज करता येतो. मूल शाळेत जाईपर्यंत थांबू नये.

एक मात्र लक्षात ठेवावे. घडलेली गोष्ट चुकीची लिहिली असेल तर ती दुरुस्त होते. डॉक्टरांचे मत आपल्याला आवडले नाही, म्हणून ते बदलून मिळत नाही. "तुम्हाला साखरेचा आजार आहे" हे वाचून राग आला, तर पुन्हा तपासणी करावी. कागदाशी भांडू नये. मतभेद असला तर आपले म्हणणे लिहून फाइलला जोडण्याची विनंती करावी.

कागदच कोणी देत नसेल तर? १९९६ साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की रुग्णाने किंवा त्याच्या नातेवाइकांनी मागितल्यास दवाखान्याला गुप्ततेचे कारण पुढे करून कागद नाकारता येणार नाहीत. पुढे २००२ साली डॉक्टरांच्या वर्तणुकीचे नियम झाले. त्यांत म्हटले आहे की दाखल झालेल्या रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपावेत आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यावेत. तीन वर्षे, हे विसरू नका. "सावकाश बघू" म्हणाल तर पुढे कागदच उरणार नाहीत. आणि पाहा, ७२ तास हा आकडा मी आज दोनदा सांगितला. इंजेक्शनची मुदत तेवढीच आणि कागद देण्याची मुदतही तेवढीच. कागद मिळेपर्यंत थांबलो तर इंजेक्शनची वेळ निघून जाईल. म्हणून वाचायचे ते खाटेशेजारीच.

सरकारी दवाखान्याचे कागद २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखालीही मागता येतात. साधारण तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. खाजगी दवाखान्यात रुग्णांच्या हक्कांची सनद लावण्याचा नियम महाराष्ट्र सरकारने २०२१ साली केला. ती पाटी शोधून वाचावी. त्याने भागले नाही तर महाराष्ट्र वैद्यक परिषद आहे, ग्राहक आयोग आहे. पण तिथवर जाण्याची पाळी क्वचितच येते. गोड बोलून, हातात पुरावा ठेवून, दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा गेले की बहुतेक कामे होतात. आपल्या बायकांना चिकाटी काय शिकवायची?

आता तर सगळे संगणकावर जाते आहे. २०२१ पासून प्रत्येकाला चौदा आकडी आरोग्य क्रमांक घेता येतो आणि आपले रिपोर्ट त्याला जोडता येतात. सोय मोठी आहे. पण एका दवाखान्यातली चूक जशी कागदावर चिकटते, तशी ती मोबाइलमध्येही चिकटते आणि गावोगाव पोचते. म्हणून दुरुस्ती झाली की जिथे जिथे तो कागद दिला होता, तिथे तिथे नवा नेऊन द्यावा. घरच्या डॉक्टरांकडे, विम्याच्या कचेरीत, मोबाइलमध्ये. जुना मात्र फाडू नये. त्यावर 'चुकीचा, दुरुस्त केला' अशी चिठ्ठी टाचून वेगळा ठेवावा.

शेवटी मंडळापुढे माझी एक सूचना आहे. प्रत्येकीने घरच्या प्रत्येक माणसाची एक कापडी पिशवी शिवावी. शिवणकाम आपल्याला येतेच. तिच्यात तारखेप्रमाणे कागद लावावेत आणि सर्वांत वर एक पान स्वतःच्या हाताने लिहून ठेवावे. त्यावर नाव, रक्तगट, न सोसणारे औषध, चालू गोळ्या आणि झालेल्या शस्त्रक्रिया लिहाव्यात. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी मंडळाच्या बैठकीनंतर अर्धा तास आपण दोघी-तिघी बसू. तिची इच्छा असेल तरच पिशवी उघडू, आणि आत जे वाचले ते तिच्या आणि आपल्याच मनात ठेवू. कुणाच्या दुखण्याची चर्चा हळदीकुंकवात व्हायची नाही, हा नियम आधी करू, मग कामाला लागू. ही सूचना आपणास पसंत असेल, तर पुढच्या बैठकीपासूनच सुरुवात करावी अशी मी अध्यक्षाबाईंना विनंती करते.